कचिंग्वे यांचा कोंबडा

लामेक कचिंग्वे यांची कथा सकाळी साडेआठला मंडळावर चढली आणि नऊ वाजता उतरवण्यात आली.

झोम्बा शहराच्या टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या या माणसाला बायको एलिनाती गेल्यापासून घर खायला उठत होतं. म्हणून मुलीने, तियामिकेने, त्यांना फोनवरच्या एका लेखकांच्या मंडळात घातलं. "बाबा, भिंतींशी काय बोलता? तिथं लिहा." आठ दिवस खपून त्यांनी आपल्या सोयरिकीची गोष्ट लिहिली. एलिनातीच्या माहेरच्या अंगणात, मुलीकडच्यांना द्यायचा रीतीचा कोंबडा हातातून निसटला, ते त्याच्यामागे मक्यात धावले, मासे पाळायच्या डबक्यात पडले, पण कोंबडा धरूनच वर आले.

"काका, पहिला नियम, लेखन स्वतःचं हवं," मंडळ सांभाळणाऱ्या तामंदानीने कळवलं. "ही गोष्ट तीन वर्षांपूर्वी 'निळी छत्री' या टोपणनावाने इथं आली आहे."

कचिंग्वे भडकले. "अगं बाई, डबक्यात मी पडलो! चप्पल माझी गेली! चोर ती छत्री आहे."

"पण तारीख तिची आधीची आहे."

"पडल्याची तारीख माझी आधीची आहे!"

हेच त्यांनी साऱ्या मंडळाला ठळक अक्षरांत ऐकवलं. ठळक अक्षरांत ओरडायचं नाही, हा चौथा नियम. कुणीतरी त्यांना "कोंबडीचोर" म्हटलं. त्यावर त्यांनी त्या गृहस्थाच्या कवितांबद्दल आपलं मत दिलं. तिथे सहावा मोडला. दुपारपर्यंत त्यांच्यावर महिनाभर लिहायची बंदी आली. वाचायला मोकळीक होती.

मग ते चष्मा लावून, चोरीची वाक्यं टिपायला पेन्सिल घेऊन छत्रीची कथा वाचायला बसले. वाक्यं खरंच त्यांचीच होती. 'मगरीसारखा वर आलो' हे तर ते प्रत्येक लग्नात सांगायचे. शेवट मात्र वेगळा होता.

'त्याने मिठीत धरून आणलेला कोंबडा आमचाच होता. त्याचा केव्हाच पसार झाला होता. आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. दोघी गप्प बसलो. इतका खुशीत होता बिचारा.'

कचिंग्वेंनी पेन्सिल खाली ठेवली. त्या अंगणात बायका दोनच होत्या. सासूबाईंना तर अक्षरओळखही नव्हती. एलिनाती रोज दुपारी आंब्याखाली फोन घेऊन बसायची. चर्चचे निरोप वाचते असं समजून ते आतूनच ओरडायचे, "झालं का तुझं? चहा कधी मिळणार?"

त्यांनी मुलीला फोन लावला. "तुझी आई लिहायची, ठाऊक होतं तुला?"

"आई? नाही बाबा. काय झालं? रडताय का तुम्ही?"

"नाही गं. तो कोंबडा आपला नव्हता."

संध्याकाळी त्यांनी तामंदानीला कळवलं, "आरोप कबूल. गोष्ट माझी नाही. छत्रीची माफी मागतो." ती माफी कुठे पोचवायची, हे त्यांनी विचारलं नाही.

छत्रीच्या नावावर एक्केचाळीस कथा होत्या. ते रोज दुपारी आंब्याखाली बसून एक वाचत. दुसरी उघडायला बोट शिवशिवे, पण ते फोन बंद करून खिशात टाकत.

महिना सरला. तामंदानीचा निरोप आला, "काका, बंदी उठली. लिहा आता, पण स्वतःचं."

उरलेल्या कथा मोजून कचिंग्वेंनी उत्तर पाठवलं, "बाई, अकरा दिवस वाढवून मिळतील का?"