चिमाबाईंच्या पितळी परातींच्या आकाशगमनाची हकिकत

श्रीकुलदेवता कृपा करो, लिहिणाराचा बोरू न मोडो, ऐकणाराचे दूध उतू न जावो. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, ते दिवशी एका राज्याचे दरबारी जे वर्तमान जाहले ते मुळापासोन यथामती लिहितो.

राज्यात विसाजीपंत म्हणोन चित्रपटकर्ते होते. पदरी कल्पना बहुत, शिधा थोडा. त्यांनी मनसुबा केला की, परग्रहीचे बेपारी विमानात बसोन पृथ्वीवर येतात आणि नेत्रपल्लवी करोन प्रजेस 'घ्या, घ्या' म्हणतात, आणि प्रजा इतके घेते की घरात वस्तू राहतात व माणसे ओसरीवर निजतात, मग एक म्हातारी 'आमच्या घरी आहे' इतकेच म्हणते आणि त्या शब्दासरशी परग्रहीचे भस्म होते, ऐसा चित्रपट करावा. विमानास द्रव्य नाही. मग पंत स्वयंपाकघरात शिरले आणि आपले कुटुंब चिमाबाई यांच्या दोन पितळी पराती तोंडास तोंड लावोन, डिंकाने चिकटवोन, वर चंदेरी कागद डकवोन, दोरीस टांगोन उडविते जाहले. बाईंस म्हणाले, "आठ दिवसांची बाब. नववे दिवशी पराती चुलीपाशी." बाईंनी विश्वास ठेविला, येथेच बाई चुकल्या.

चित्रपट लागला आणि अकरा असामी पाहावयास आले, पैकी तिघे पंख्याखाली निजावयास. परंतु उरले आठ जण, त्यांनी तो चाळीस वेळा पाहिला, आणि नटाचे आधी आपणच संवाद म्हणो लागले, आणि बघता बघता पंथ जाहला. मग नगरशेट भानशेट यांनी 'आमच्या घरी आहे' ऐसी अक्षरे कोरोन तांब्याच्या पाट्या विकावयास काढिल्या. प्रजेने एकेके घरी सात सात टांगिल्या. ज्यांस टांगावयास भिंत नव्हती त्यांनी भिंत घेतली. खुद्द महाराजांनी बावीस पाट्या घेतल्या, आणि विमान दरबारात मखमलीवर ठेवोन पहारा बसविला.

इकडे चिमाबाईंचे चौदा महिने कैसे गेले ते त्याच जाणोत. ताटात थापावे तर काठाबाहेर जाते, शेजारणीची पत्र्याची परात घ्यावी तर थापताना नाचते, आणि भाकरी तव्यावर जाईतो तिचे तीन सुभे होतात. घरची माणसे मुकाट खात. बाईंस भाकरी मोडल्याचे दुःख नव्हते. आपले हातास येणारी गोष्ट हातची गेली, याचे होते, आणि ते बहुत लागले. जो तो म्हणे, नवी घ्या. बाई म्हणत, "माझी फुटली नाही, हरवली नाही, मग नवी कशाला?" अखेर पंचमीस ज्वारीचे पीठ फडक्यात बांधोन, तवा काखेस मारोन बाई दरबारी दाखल जाहल्या.

महाराज बोलले, "बाई, ते विमान आहे. बदली शंभर पराती देतो."

भानशेट बोलले, "वर सोन्याचा मुलामा!"

"शेटजी, मला भाकरी थापायची आहे, परात मिरवायची नाही," बाई म्हणाल्या. "आणि महाराज, विमान तुमचं, पराती माझ्या. डिंक तेवढा ठेवून घ्या."

ऐसे बोलोन बाईंनी पहारेकऱ्याचे शेगडीवरील आधण विमानावर ओतिले. डिंक सुटला, पराती विलग जाहल्या, आणि पंथाचे आठही जण मोठ्याने रडो लागले. बाईंनी तिकडे पाहिले नाही. पराती घासोन धुतल्या, एकीत पीठ घेतले, मळिले, आणि चौदा महिन्यांनी हात गरगर फिरला. भाकरी तव्यावर पडली आणि टम्म फुगली, तेव्हा बाईंचे डोळे भरोन आले. दरबारात वास सुटला. मानकरी आवंढे गिळो लागले.

महाराजांनी कमरेची थैली काढिली. "किंमत बोला."

"किंमत कसली? दुसरी परात रिकामी आहे. या, मळायला बसा."

मर्जी खफा होईल ऐसे साऱ्यांस वाटले, परंतु भूक राजासही असते. महाराज बसले, प्रधान समोरोन त्याच परातीत हात घालोन बसले, सेनापती शेगडी फुंको लागले. तोच भानशेट पुढे सरले, "महाराज, हुजूरहस्ते मळलेल्या पिठाच्या गोळ्या, डबीत घालोन विकितो, पहिली डबी हुजुरांनी घ्यावी." महाराजांनी कोपरापर्यंत माखलेले हात वर केले. "शेट, हात पिठाचे आहेत. थैलीस कैसे लावावे?" शेट प्रधानांकडे वळले, त्यांचेही पिठाचे. सभोवार पाहिले, एक हात मोकळा नाही. शेट हळूच म्हणाले, "बाई, मी काय करू?"

"आधी हात धुवा," बाई म्हणाल्या.

येणेप्रमाणे ते दिवशी दरबारात एक वस्तू विकली गेली नाही. महाराजांची भाकरी चौकोनी जाहली, ती प्रधानांनी तक्रार न करिता खाल्ली. भानशेटांची करपली, ती त्यांनी स्वतः खाल्ली आणि दुसरी मागितली. अधिक लिहावे तर भाकरी निवते.