सुभेदारांचं नाक

"पेट्रोलचा वास येतोय," सुभेदार आकाराम यांनी गाडीत बसल्या बसल्या जाहीर केलं आणि चावीवरचा हात काढून घेतला.

शनिवारची सकाळ होती. दुसऱ्या दिवशी मायाच्या, म्हणजे एकुलत्या एका लेकीच्या, लग्नाची तारीख धरायला सांगलीला जायचं होतं. सुभेदारांच्या शिस्तीत कुठल्याही मोहिमेची आदल्या दिवशी तालीम होत असे. त्याप्रमाणे ते दाढी घोटून, अंगात रेजिमेंटचा निळा ब्लेझर चढवून, छातीवर पदकं लावून साताऱ्यातल्या आपल्या दारात, आपल्या गाडीत बसले होते. गाडी सेकंडहँड होती, पण महिनाभर पॉलिश चालल्यामुळे तिच्या बॉनेटमध्ये समोरचा अजिंक्यतारा उलटा दिसायचा.

वास आला याचं त्यांना दुःख नव्हतं. वास ओळखण्यावरच त्यांची अठ्ठावीस वर्षांची नोकरी झाली होती. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये बंद पडलेल्या इंजिनाला नुसतं नाक लावून ते बिघाड सांगत. साहेब लोकसुद्धा म्हणत, "आकाराम की नाक बुलाओ." ते नाक घेऊन निवृत्त झालेल्या माणसाच्या दारात उभ्या गाडीत वास येतो, म्हणजे वैद्याच्याच घरी खोकला.

शिवाय होणारे व्याही लालासाहेब यांना त्यांनी पत्र पाठवलं होतं. 'आम्ही उभयता आमच्या स्वतःच्या मोटारीने येत आहोत.' यातल्या 'स्वतःच्या' खाली दोन रेघा होत्या. उलट टपाली कार्ड आलं होतं, 'मोटार लावण्यास अंगणात जागा केली आहे. म्हैस शेजारी हलवली आहे.'

सुभेदारांनी ब्लेझर काढला, नीट घडी मोडू न देता मागच्या सीटवरच्या हुकाला अडकवला, आणि बॉनेट उघडलं. कार्बोरेटर हुंगला. पंप हुंगला. पाइपवर इंच इंच बोट फिरवलं. सगळं कोरडं ठणठणीत. पण गाडीत डोकं घातलं की वास होताच.

"म्हणजी मागनं येतोय," ते म्हणाले आणि डिकीकडे वळले. टाकीच्या झाकणाचा वायसर त्यांना जरा झिजलेला वाटला. सायकलच्या जुन्या ट्यूबमधून त्यांनी नवा कापून बसवला, दारं-काचा घट्ट लावल्या आणि गाडी अर्धा तास उन्हात ठेवली. मग दार उघडून नाक आत घातलं आणि तसंच बाहेर काढलं. वास दुप्पट झाला होता.

तेवढ्यात लक्ष्मीबाई पदराला हात पुसत ओट्यावर आल्या. "आवं, मी काय म्हंते..."

"तू काय म्हणू नगं. गाडीतलं बायकांना काय कळतंय?"

लक्ष्मीबाईंनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि त्या आत गेल्या.

जिथं वास जास्त तिथं बिघाड, हा वर्कशॉपचा नियम. वास सर्वांत जास्त मागच्या सीटशी येत होता. सुभेदारांनी ब्लेझर उचलून पुढच्या सीटवर ठेवला आणि मागची सीट उपसून अंगणात टाकली. खालची चटई काढली, पत्रा पुसला, हुंगला. वास नाही! ते खुशीत पुढं आले, तर वास पुढच्या सीटशी यायला लागला होता.

"आयला, बिघाड सरकतोय!"

अठ्ठावीस वर्षांत सरकणारा बिघाड त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी ब्लेझर कुंपणाच्या फाटकावर टाकला आणि पुढच्या सीटही काढल्या. आता गाडीत कुठंच वास उरला नाही. सुभेदारांनी विजयी मुद्रेनं घाम पुसला, दोन तास खपून सगळ्या सीट परत बसवल्या आणि ब्लेझर चढवून ऐटीत आत बसले.

वास होता.

कोपऱ्यावरच्या गॅरेजचा महेंद्र बराच वेळ ही उपसाउपशी पाहत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. "आण्णा, मी बघू का जरा?"

"तू? आरं, तू पान्हा धरायला शिकायच्या आधी मी रणगाडं खोलल्यात!" सुभेदार गरजले. महेंद्र गेला, पण जाताना हसला, आणि ते हसू सुभेदारांना दिवसभर टोचत राहिलं.

दिवेलागणीपर्यंत निम्मी गाडी अंगणात पसरली होती. टाकीचे पाइपही सुटे झाले होते. सुभेदार पुन्हा काढलेल्या सीटवर अंगणात बसले होते. वास येणारी गाडी रस्त्यावर काढायची नाही, हा नियम त्यांनी शेकडो जवानांना घोकून घेतला होता. तो आज स्वतः मोडणं शक्य नव्हतं. पण त्या दोन रेघा त्यांच्या डोळ्यांपुढून हलेनात. फार लागलं त्यांना. लेकीच्या सासरी पहिल्याच खेपेला बाप बढाईखोर ठरणार होता.

"उद्या यष्टीनं जायचं," ते कसंबसं म्हणाले.

रविवारी सकाळी सांगली गाडीत दोघांना जागा मिळाली. ब्लेझर, पदकं, मिशांना पीळ, सगळं जिथल्या तिथं होतं. उंब्रजच्या अलीकडे कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि थबकला.

"पेट्रोल कुणी आणलंय गाडीत? आँ? गाडी थांबवा वो ड्रायवर!"

सुभेदार ताडकन उठले. "बराबर हाय. मलाबी येतोय. मी लष्कराच्या वर्कशॉपातला सुभेदार हाय, मी काढतो हुडकून."

इथं तरी नाकाचं नाव राहील, या आशेनं त्यांनी मोहीम हातात घेतली. पिशव्या उघडल्या, गाठोडी सोडली. एका म्हातारीचा डबा हुंगला, तर शेंगदाण्याचं तेल निघालं. म्हातारीनं त्यांच्या नाकाचा यथास्थित उद्धार केला. शेवटी सुभेदारांनी हुकूम सोडला, "समदी खाली!" पन्नास माणसं रस्त्याकडेला उभी राहिली. लक्ष्मीबाई तेवढ्या खिडकीपाशी बसून राहिल्या. सुभेदार रांगेतून एकेकाला हुंगत चालले. ज्याच्यापुढं उभे राहावं, त्याच्यापाशी वास.

कंडक्टर रिकाम्या बसमध्ये फिरून खाली आला. "सुभेदार, आत वासच न्हाई आता."

"मग?"

"रागावू नगा. पर वास तुमच्यासंगं उतरलाय."

सुभेदारांनी हळूच आपली बाही नाकाला लावली. मग वर खिडकीकडे पाहिलं. लक्ष्मीबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला होता.

"लक्ष्मे!"

"ट्रंकंवर लोणच्याची बरणी ठिवली हुती," लक्ष्मीबाई खिडकीतूनच म्हणाल्या. "त्याल झिरापलं कोटावर, ह्यो एवढा डाग. तुमी कोटाला हात लावू देत न्हाई. मग गाडीतनं काढून तुमी प्लग पुसायला पेट्रोलची बाटली भरून ठिवलीवती न्हवं का, ती वतली सगळी डागावर. शुक्करवारी."

"आन काल म्या गाडीची हाडं मोजस्तवर गप बसलीस?"

"सांगाय आले हुते. तुमी म्हणला, बायकांना काय कळतंय. म्हटलं, ज्याला कळतंय त्यानं हुडकावं."

पन्नास माणसं हसली. सर्वांत जास्त म्हातारी हसली. कंडक्टर म्हणाला, कोट टपावर टाका. पदकं टपावर जाणार नाहीत, असं सुभेदारांनी निक्षून सांगितलं. तडजोड झाली. सांगलीपर्यंत ते ब्लेझर खिडकीच्या गजाला लावून धरून बसले. वाऱ्यानं पदकं किणकिणत होती.

लालासाहेबांचं अंगण शेणानं सारवलेलं होतं. मधोमध मोटारीच्या मापाची जागा सोडून भोवती रांगोळी घातली होती. शेजारच्या अंगणातून म्हैस नाराजीनं ओरडत होती. त्या रांगोळीपाशी रिक्षातून उतरताना सुभेदारांना भुईनं पोटात घ्यावं असं झालं.

लालासाहेब पुढं आले, त्यांनी हवा हुंगली आणि त्यांचा चेहरा फुलला. "गाडीचा वास आला बगा! कुठं लावलीया?"

सुटकेचा रस्ता समोर आयता होता. गाडी स्टँडवर बंद पडली, एवढं म्हटलं तरी भागलं असतं. पण सुभेदारांच्या जिभेला खोट्याची सवय नव्हती. ते घुटमळले. तेवढ्यात लक्ष्मीबाई म्हणाल्या, "गाडी सातारलाच हाय, दादा. वास तेवढा पुढं आलाय."

मग सुभेदारांनी सावधान उभं राहून सगळा अहवाल दिला. सरकता बिघाड, म्हातारीचा डबा, गजाला धरलेला कोट, काही गाळलं नाही. लालासाहेब हसता हसता रांगोळीतच बसले. डोळे पुसत म्हणाले, "पावनं, मोटारवालं लय येत्यात दारात. सोताची फजिती अशी खडखडीत सांगणारा ह्यो पयलाच. तुमची लेक आमच्यात आली म्हणून समजा."

सुभेदारांची छाती दोन दिवसांनी पहिल्यांदा वर आली. त्यांनी ब्लेझर उजेडात धरला. "हिनं धुतलाय. डाग कुठं हुता, हुडकून दावा!"

सगळं घर वाकलं. बाही उलटी केली, अस्तर पाहिलं. डागाचा मागमूस नव्हता. विहीणबाई लगबगीनं आत गेल्या आणि लालासाहेबांचा तेलकट कॉलरचा कोट घेऊन आल्या.

"ह्ये निघंल का वो? कुठलं पेट्रोल वापरलंसा तुमी?"

लक्ष्मीबाईंनी पदर सावरला, नवऱ्याकडे एक नजर टाकली आणि मान ताठ करून म्हणाल्या, "आमच्या सोताच्या मोटारीतलं."