हिलरी किती वर्षं जगणार?

आपल्याला कोणी फसवू शकत नाही, असा हिलरीचा दावा होता. निझवाच्या बाजारातून आणलेला खजूर तो मस्कतमधल्या दार्सैतच्या घरी येऊन स्वतःच्या काट्यावर पुन्हा तोलायचा. लिफ्टमध्ये कोणी हसून 'गुड मॉर्निंग' म्हटलं, तर ह्याचं आपल्याकडे काय काम असेल, हा विचार पाचव्या मजल्यापर्यंत चालायचा! सत्तावन्न वर्षं अशी डोळ्यांत तेल घालून काढल्यावर पेन्शनचा प्रश्न समोर आला, आणि गडी पुरता अडकला.

पूर्वी मस्कतमध्येच एका इंग्रज कंपनीत त्याने एकोणीस वर्षं काढली होती. साठीनंतर मरेपर्यंत दरमहा ठरलेली रक्कम, असं ते पेन्शन. आता कंपनीचं पत्र आलं होतं. पेन्शनवरचा हक्क सोडत असाल तर एकरकमी पैसे तुमच्या दुसऱ्या फंडात हलवून देऊ. तीन महिन्यांत कळवा. एकदा बाहेर पडलात की परत येता येणार नाही.

"एवढी मोठी रक्कम देतायत. का बरं?" हिलरीने अमीनला विचारलं. अमीन रत्नागिरीचा, ऑफिसातला सोबती आणि दार्सैतचा शेजारी.

"तुझा हक्क आहे, हिलरीभाई. म्हणून देतायत."

"छे! नोकरी सोडताना माझं मेडिकल केलं होतं त्यांनी. काळीज ठणठणीत निघालं. हा नव्वदी गाठणार म्हणून घाबरलेत!"

"मग पेन्शनच घे. खलास!"

"आणि मी पेन्शनच घ्यावं, हीच त्यांची चाल असली तर?"

अमीनने कपाळाला हात लावला.

एकरकमी घ्या, असं सांगणारा एक सल्लागारही फोनवरून चिकटला होता. क्षितिज नावाचा, पुण्याचा. कुरुमच्या कॉफी शॉपात भेटायचा आणि कॉफीचं बिल स्वतः द्यायचा. हिलरीच्या दृष्टीने हा तर गुन्ह्याचा पुरावाच!

"सोपं आहे सर," क्षितिज म्हणाला. "अठ्ठ्याहत्तरच्या पुढे जगलात तर पेन्शन फायद्याचं. त्याआधी... म्हणजे, देव न करो... तर एकरकमी."

"मग तुमचा सल्ला काय?"

"एकरकमीच, सर!"

ह्याला आपल्या तोंडावर नेमकं काय दिसलं? हिलरीने घरी येऊन आरशासमोर जीभ बाहेर काढून बघितली.

म्हणजे मुद्दा एकच उरला होता. आपण किती जगणार? डॉक्टरवर त्याचा विश्वास नव्हता आणि नातेवाइकांवर तर नव्हताच; आजोबा शंभरी गाठून गेले, असं सगळेच सांगायचे. पण वसईला गावच्या चर्चमध्ये मयतांची नोंदवही होती. ती कशाला खोटं बोलेल? त्याने चुलतभाऊ फेबियनला फोन लावला.

"फेबियन, आपल्या घरातले पुरुष कितव्या वर्षी गेले, ते रजिस्टरमधून काढून दे."

पलीकडून मऊ आवाजात, "दादा... किती वेळ आहे हातात?"

"महिनाभर आहे. पण कोणाला बोलू नकोस. व्हेरोनिकाला तर मुळीच नको!"

हिलरी बोलत होता पत्राच्या मुदतीबद्दल. फेबियनने काय ऐकलं, ते सांगायला नको. त्याने शब्द पाळला आणि खरंच कोणाला सांगितलं नाही. फक्त बहिणीला सांगितलं, फादरना सांगितलं, आणि वहिनीला अंधारात ठेवणं पाप म्हणून व्हेरोनिकाला. रविवारच्या मिस्साला आजाऱ्यांसाठी प्रार्थना झाली, त्यात हिलरीचं नाव पहिलं!

इकडे हिलरी चक्रावला. विहिरीवरून एकवीस वर्षं अबोला धरलेल्या चुलत काकांचा फोन आला. "पोरा, विहीर तू घे. वर काय घेऊन जायचंय?" फॅमिली ग्रुपवरचे विनोद अचानक बंद झाले. लग्नात उसना नेलेला सूट एका भाच्याने इस्त्री करून परत केल्याचा फोटो पाठवला.

"पैशांचा वास लागला सगळ्यांना!" हिलरी अमीनला म्हणाला. "ही विहीर मला लाखांत पडणार!"

त्यातून व्हेरोनिका, त्याच्याहून दोनच वर्षांनी लहान. दहा वर्षं ती त्याला उकडलेल्या भाज्या वाढत आली होती. आता ताटात तळलेली सुरमई, कोलंबी, वर दुसऱ्यांदा भात!

"खा हो पोटभर," असं म्हणून ती स्वयंपाकघरात निघून जायची, आणि आतून नाक ओढल्याचा आवाज यायचा.

हिलरीने सुरमईचा तुकडा ताटात परत ठेवला. हिला अठ्ठ्याहत्तरच्या आतच उरकायचंय! क्षितिजने हिलाही फितवलं की काय?

मुदतीच्या शेवटच्या दिवशी फेबियनची यादी आली. वडील चौसष्ट. मोठे काका एकसष्ट. धाकटे एकोणसाठ. आणि शंभरी गाठणारे आजोबा सदुसष्ट! फसवलं ते शेवटी घरच्यांनीच! 'कागदांवर सही करायला चाललो,' एवढंच अमीनला सांगून तो तडक कुरुमला गेला आणि क्षितिजसमोर बसला. "द्या कागद."

पेन टेकतो न टेकतो तोच दारातून व्हेरोनिका धावत आली, मागून गाडीची किल्ली सांभाळत अमीन.

"मला न सांगता मृत्युपत्र करताय?" ती सगळ्या कॉफी शॉपसमोर रडू लागली. "एवढं दुखणं एकट्याने सोसताय! मी कोण लागते तुमची?"

"दुखणं? कसलं दुखणं?"

"फेबियनने सगळं सांगितलंय!"

"सर आजारी आहेत?" क्षितिज ताठ बसला. "मग तर सर, आत्ताच सही करा!"

पाच मिनिटं चौघेही एकदम बोलत होते. शेवटी उलगडा झाला. व्हेरोनिकाने आधी डोळे पुसले, मग नवऱ्याच्या दंडावर दोन चापट्या हाणल्या आणि मग कंपनीचं पत्र ओढून पहिल्यापासून वाचायला घेतलं. सातव्या पानावर तिचं बोट थांबलं.

"हे काय? 'पश्चात पत्नीस निम्मं पेन्शन, ती हयात असेपर्यंत.' अठ्ठ्याहत्तरच्या हिशेबात हे धरलं होतं?"

क्षितिजला अचानक दुसऱ्या क्लायंटची आठवण झाली. बिल मात्र तसंच राहिलं.

"माझी आई चौऱ्याण्णव वर्षांची आहे," व्हेरोनिका पत्राची घडी घालत म्हणाली. "अजून मासळी स्वतः घासाघीस करून आणते. पैसे कुठेही हलवायचे नाहीत!"

हिलरीने मुकाट्याने पेन खिशात टाकलं. हिने आपल्यासाठी एवढं रडावं, ह्याने त्याला खरंच भरून आलं होतं. परत जाताना अमीनच्या गाडीत त्याने तिचा हात धरला.

"म्हणजे मी बासष्टाव्या वर्षी गेलो, तरी तुला पुढे तीस वर्षं काळजी नाही."

"असलं अभद्र बोलू नका हो!" ती कळवळून म्हणाली, आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

गाडीने वळण घेतलं.

"चौतीस," ती हळूच म्हणाली.