बर्फ न पाहिलेला बर्फाधिकारी

एका जंगलात, बाळांनो, सगळं काही होतं. नदी होती, उंच डोंगर होता, डोंगरावर हिरवंगार कुरण होतं, आणि हवामान खातंसुद्धा होतं. हसू नका. आपल्याकडे नाही का?

पूर्वी हे खातं नव्हतं. तेव्हा बिचारी जनावरं अडाणी होती. डोंगराच्या शेंड्यावर पांढरं दिसलं की टिटवी कोकलायची. की लगेच सगळे आपापली पिल्लं घेऊन खिंडीतून खालच्या रानात उतरायचे. कोणी मरत नसे, पण त्यात शिस्त म्हणून नव्हती.

मग सिंहमहाराजांनी खातं काढलं. बर्फ कधी पडणार ते खात्यानं सांगायचं, आणि खात्याचा परवाना मिळाला तरच खाली उतरायचं. जो आधी उतरेल त्याची कुरणातली जागा गेली.

खात्याचा मुख्य म्हणून अस्वलाला नेमलं. का? तर इतक्या वर्षांत त्यानं बर्फाबद्दल कधी कुरकुर केली नव्हती. करणार कुठून? थंडीची चाहूल लागली की गडी गुहेत शिरून जो घोरायला लागायचा, तो वसंतातच उठायचा. बर्फ कसा असतो हे त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. महाराज म्हणाले, "वा! म्हणजे मन कोरं आहे."

त्या कुरणात भागू नावाची एक शेळी होती. तिला यंदा उशिरानं करडू झालं होतं. चिमण त्याचं नाव, आणि पाय नुसत्या काड्या. बर्फ पडायच्या आत हे एवढंसं लेकरू खिंड उतरेल का, या एकाच गोष्टीचा भागूच्या जिवाला घोर लागला होता.

आश्विनात पावसाची झड लागली. सोमवारी पाऊस, मंगळवारीही पाऊस. बुधवारी ढग जरा फाटले आणि भागूला शेंडा दिसला. पांढराफटक! टिटवी घसा फुटेस्तोवर ओरडत होती. भागू चिमणला घेऊन भिजत भिजत खात्याच्या गुहेपाशी आली.

"अस्वलसाहेब, शेंड्यावर बर्फ पडलाय हो! परवाना द्या."

अस्वलानं भलीमोठी जांभई दिली. "बाई, पंधरा वर्षांचा अभ्यास आहे माझा. शरद संपला की डोळे मिटायचे, उघडले की वसंत. मध्ये काही नसतं."

"मध्ये तुम्ही झोपलेले असता, साहेब!"

"शांत डोक्यानं अभ्यास करणं म्हणतात त्याला," कोल्हा म्हणाला. तो खात्यात कारकून होता.

"अहो, जरा बाहेर येऊन बघा तरी."

"पावसात?" अस्वल दचकलं.

"मग महाराज परवाच खाली कसे उतरले?"

"त्यांची तब्येत नाजूक आहे," कोल्हा म्हणाला आणि त्यानं आतून दगड लावून घेतला.

भागू तडक शेजारच्या सगुणा मेंढीकडे गेली. "सगुणे, चल गं बाई, आत्ताच उतरू."

"अगं, सगळे थांबलेत ना?" सगुणा म्हणाली. "सगळे काय वेडे आहेत? आणि जागा गेली तर पुढल्या वर्षी खाशील काय, माती?"

भागू विचारात पडली. जागा चांगली होती, झऱ्याकाठची. तेवढ्यात चिमण शिंकला, आणि तिचा विचार संपला.

गुरुवारी ती निघाली. चिखलात चिमणला कुठं ढकलत, कुठं चुचकारत ती खिंड उतरली. मागून चाळीस मेंढ्या एका सुरात ओरडल्या, "भित्री भागूबाई!" सगुणा तेवढी ओरडली नाही. पण आलीही नाही.

शुक्रवारी अस्वलानं वर्षाचा शेवटचा अंदाज जाहीर केला, "यापुढे सर्व शांत," आणि ते झोपलं. कोल्हाही साहेबांच्या उबेला पाठ लावून निजला. शनिवारी खिंड बर्फानं बुजली.

वसंतात भागू परत वर आली. चिमणला आता छान शिंगं फुटली होती. कुरणात गवत गुडघाभर वाढलं होतं, खाणारंच कोणी नव्हतं. भागूनं "सगुणे, ए सगुणे" अशा चार हाका मारल्या. मग तिला रडूच कोसळलं.

इतक्यात अस्वल गुहेतून बाहेर आलं. लख्ख ऊन, चहूकडे फुलं! "बघा! म्हटलं नव्हतं?" ते म्हणालं.

महाराजांनी अचूक अंदाजाबद्दल त्याचा सत्कार केला. कोल्ह्यानं तक्रारवही उघडून दाखवली. एकही ओळ नाही. मग तो भागूकडे वळला.

"तू विनापरवाना उतरलीस. झऱ्याकाठची जागा जप्त."

"आणि सगुणा?" भागूनं विचारलं. "त्या चाळीस मेंढ्या?"

"त्यांची काहीच तक्रार नाही," कोल्हा म्हणाला.

तात्पर्य : बाळांनो, हवामानाचा अंदाज नेहमी झोपलेल्यालाच विचारावा, तो कधी चुकत नाही. आणि परवान्याशिवाय मुळीच पळू नये. पळालं तर नुसता जीव वाचतो; थांबलं तर जागा कायमची आपल्या नावावर राहते.