हसनभाईंचा सहा व्होल्टचा उजेड

चौक गावच्या हसनभाईंकडे जुनी मोटरसायकल दिव्याच्या कामासाठी टाकली, की संध्याकाळ झाल्याशिवाय ती परत मिळत नाही. काम सकाळी दहालाच झालेलं असलं तरी नाही. "भर उन्हात दिवा काय तपासायचा? पोरगी बघायला डोळं झाकून जातो काय आपण?" असं म्हणून ते गाडी कोपऱ्यात लावतात आणि गिऱ्हाइकासाठी चहा सांगतात.

मी कर्जतला शाळेत शिकवतो. वडिलांची मोटरसायकल माझ्याकडे आहे, वयाने माझ्याहून थोरली. तिचा दिवा म्हणजे लहरी जावई. गाडी पळतेय तोवर लखलखीत, फाटकापाशी थांबली की मलूल, हॉर्न दाबला की गुल. मी हौसेने तिला नवा रंग दिला, तर दिवा पारच गेला. हसनभाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली, खिशातून पॉलिश पेपर काढला आणि हेडलाइटखालचा माझा चकचकीत रंग खरवडून टाकला.

"सर, लोखंडाला लोखंड भिडलं नाय, तर करंट परत कुठनं यायचा? रंग कुणाला पायजे व्हता, गाडीला का तुमाला?"

दिवा लागला. माझं तोंड मात्र पडलं.

एकदा मी भीत भीत विचारलं, सहाचे सरळ बारा व्होल्ट करून पांढरा एलईडी टाकूया का? त्यांनी तोंडातली सुपारी थुंकली. "डोळ्यात चुना फेकायचा हाय काय कुणाच्या? ह्यो बघा, तुपासारखा उजेड. हळूच येतो, हळूच जातो."

त्यांची खरी तऱ्हा याच्यापुढे. दिवेलागणीला ते गिऱ्हाइकाला मागे बसवून लोधिवलीला, स्वतःच्या घरी नेतात. ओट्यावर त्यांच्या पत्नी, हमीदाभाभी, बसलेल्या असतात. गाडी वळणावरून सावकाश घराकडे यायची आणि दिवा दिसला की भाभींनी हात वर करायचा. हात वर झाला की दिवा पास. बाकीचे गॅरेजवाले याला हसतात.

मला मात्र ती वेळ फार आवडते. खाचरांवर धूर तरंगत असतो, समोरचा डोंगर निळा होत होत पुसला जातो. इंजिनाच्या संथ धपधपीवर तो पिवळा ठिपका रस्त्यावरून पुढे पुढे सरकतो आणि आपण जागे आहोत की झोपेत, तेच कळेनासं होतं.

भाभींच्या डोळ्यांचं मला गेल्या वर्षी कळलं. नजर हळूहळू जाणार, औषध नाही, असं पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. भाई त्यावर बोलत नाहीत. पण गाडी वळणावर असतानाच वर होणारा हात पुढे विहिरीपाशी होऊ लागला, मग आंब्यापाशी. रोजची तपासणी दिव्याची नव्हतीच, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. या माणसाला रोज संध्याकाळी केवढी धास्ती वाटत असेल!

गेल्या महिन्यात माझीच गाडी होती. वळण गेलं, विहीर गेली, आंबा गेला. हात वर होईना. भाईंनी मूठ पिळली, तसा दिवा भरभरून पेटला. ओट्यापासून चार पावलांवर आम्ही थांबलो, तरी भाईंनी मूठ सोडली नाही. भाभींच्या कपाळावरची आठीन् आठी मला दिसत होती.

"आवाज तर येतोय," भाभी म्हणाल्या. "दिवा लावला नाय काय?"

आपल्या कामाला कुणी नाव ठेवलेलं हसनभाईंनी जन्मात खपवून घेतलेलं नाही.

"नाय लागत गं," ते म्हणाले. "माजीच वायर ढिली ऱ्हायली. उद्या करतो नीट."

"हात्तिच्या! मला वाटलं..." भाभी हसल्या, पण वाक्य तिथेच राहिलं. मग त्यांनी माझ्या दिशेने मान वळवली. "सर, खरंच नाय लागला?"

त्यांच्यामागे भिंतीवर त्यांची सावली ठसठशीत पडली होती.

"नाही लागला, भाभी," मी म्हणालो.

गाडी तिथेच ठेवून मी एसटीने घरी आलो. अजून आणायला गेलेलो नाही. दिव्याचं काम व्हायचंय ना.