रघुनाथरावांची बाग

कागदावर काढलेलं आंब्याचं झाड मी खोडलं, म्हणून रघुनाथराव माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जिन्यात गाठून म्हणाले, "केशवराव, मोहोर आला होता त्याला."

मी चौथी नापास. जन्म तांब्याची भांडी ठोकण्यात गेला, पण मान कुणापुढे वाकवली नाही. रघुनाथराव सिटी बसचे निवृत्त कंडक्टर. कसबा पेठेत आमची दारं समोरासमोर, आणि दोन्ही घरांत आता एकेकच माणूस.

त्यांची मुलगी सुजाता हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. वडिलांचं ब्लडप्रेशर वाढलं तेव्हा तिनं हा खेळ आणला. फासा टाकायचा आणि पडेल त्या आकड्याचं चित्र कागदावरच्या चौकोनात काढायचं. एकला गवत, दोनला फूल, असं करत सहाला झाड.

"यानं मन शांत होतं, बाबा. महिनाभर खेळा. तरी प्रेशर उतरलं नाही तर मी तुम्हाला माझ्याकडे नेणार."

तिचा फ्लॅट बाराव्या मजल्यावर. रघुनाथरावांनी त्याची धास्तीच घेतली. "तिथं खिडकीतून हाक मारली तर ओ कोण देणार? घार?"

नियमांचा कागद इंग्रजीत होता. तो त्यांनी घडी करून डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारला. फासा म्हटला की आम्हाला ल्यूडोच ठाऊक. त्यामुळे सहा पडल्याशिवाय बाग सुरू करायची नाही, आणि पुढं सहा पडला की समोरच्याचं एक झाड मारायचं! फासा टेबलाखाली गेला की रघुनाथराव ओरडायचे, "स्टॉप नसताना उतरलाय, धरायचा नाही!"

एका संध्याकाळी त्यांनी माझी जास्वंद तीनदा मारली आणि वर म्हणाले, "चला, पुढे सरका." मी असा काही आवाज चढवला, की खालच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, "जमिनीचं भांडण आहे का हो?"

"हो!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

महिना संपला. रविवारी सुजाता प्रेशर मोजायचं मशीन घेऊन यायची होती. रघुनाथराव भडकू नयेत म्हणून सकाळी मी मुद्दाम हरायला लागलो. असलं काम मी जन्मात केलेलं नाही. त्यांनी ते लगेच ओळखलं. "दया दाखवताय?" म्हणत जास्तच भडकले.

सुजातानं खोडलेल्या बागा पाहिल्या. "बाबा, यात कुणी कुणाला मारत नाही! आपापली बाग करायची फक्त."

"मग दोघांनी कशाला बसायचं?"

तिनं पट्टा बांधला. वरचा आकडा एकशे साठ. "बॅग भरते," म्हणत तिनं माळ्यावरची बॅग खाली काढली.

रघुनाथरावांनी पट्टा सोडला आणि माझा दंड धरून त्यावर गुंडाळला. "आता यांचं बघ."

माझा एकशे ऐंशी.

"बघितलंस? मी तिकडे आलो, आणि सकाळी यांनी दार उघडलं नाही, तर वाजवणार कोण?"

"माझं दार मला उघडता येतं," मी म्हणालो.

सुजातानं माझ्या दंडावरचा पट्टा सोडला आणि म्हणाली, "उद्या दोघांनीही माझ्याबरोबर डॉक्टरकडे यायचं." बॅग तिनं पुन्हा माळ्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला माझं दार वाजलं. उघडलं तर रघुनाथराव, तोंडात ब्रश.

"आहात? ठीक," एवढं बोलून ते परत गेले.

तेव्हापासून रोज वाजतं. मला साडेपाचलाच जाग येते. चहा होतो, अंघोळ होते. पण दार वाजल्याशिवाय मी कडी काढत नाही.