चुन्याची निवळी

इनास मास्तरांसमोर 'चुन्याचं पाणी' म्हणायची सोय नाही. नाक्यावरचा पानवाला एकदा चुकून म्हणाला, तर मास्तरांनी नुकतंच तोंडात टाकलेलं पान थुंकलं. "पाणी तुझ्या घागरीत! ही निवळी. चुनो तळाक बसलो काय वर ऱ्हवता ती."

मास्तरांनी मालवणात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. शाळा सुटली, तास सुटला नाही. मी त्यांचा शेजारी आणि शिवाय जुना विद्यार्थी, म्हणजे दोन्हीकडून सापडलेला. गढूळ पाण्यात उगाळायच्या बियांनाही निवळी म्हणतात आणि ताकावर येतं तेही निवळ, हे मी शंभरदा ऐकलंय. "पुस्तकवाल्यांनी शब्द केल्यानी नाय रे, आमच्या चुलीकडसून उचलल्यानी!"

कुणाचं भांडण लागलं की मास्तर म्हणणार, "आधी निवळूंदे." एकदा माडाच्या हद्दीवरून भांडणाऱ्या दोघांना त्यांनी अर्धा तास गप्प बसवलं. वाद मिटला नाही, पण दोघेही घोरायला लागले.

मास्तरांच्या बायको फिलूबाई गेल्या त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून मडगावची लेक लीना बापाला तिकडे बोलावते आहे. मास्तरांचं रोज नवीन कारण. मडगावचं पाणी जड, बांगडे शिळे, जावई फार बोलतो. जावई तर बिचारा मुखदुर्बळ. शेवटी लीनाने मला गळ घातली. "दादा, तूच सांग रे पपांका. माझा ऐकनत नाय."

रविवारी शिंपल्यांच्या, म्हणजे तिसऱ्यांच्या, सुक्याचा डबा घेऊन गेलो. क्रुसाखाली मेणबत्तीजवळ बूच लावलेली एक बाटली होती. तळाशी बोटभर पांढरं, वर स्वच्छ. मी सहज उचलायला गेलो.

"हात लावू नको!"

मास्तर असे कधी ओरडले नव्हते. मग तेच ओशाळले आणि खुर्चीत बसले.

"फिलू आजारी आसताना डॉक्टरान तिका छातीच्या व्यायामाक फुंकूक सांगल्यान. फुगे फुगवूचो तिका कंटाळो. मी म्हटलंय, निवळीत फुंक. दुधासारखी झाली काय हसायची." ते थांबले. "ही तिची शेवटची फुंक. तळाक बसली आसा. एस्टीतसून न्हेलंय तर ढवळतली."

मी म्हटलं, "परत बसतली मा, मास्तरांनू. तुमीच शिकवलास."

"बसतली," ते म्हणाले. "पण तशीच बसाची नाय."

एवढ्या घरात हा माणूस एकटाच जेवतो, एकटाच निजतो, आणि आम्ही सगळे त्याला हट्टी म्हणत होतो. मी डबा उघडला, दोन ताटं घेतली. आम्ही जेवलो.

बाहेर आल्यावर लीनाला फोन लावला.

"आयकले ते?" तिने विचारलं.

"नाय," मी म्हटलं. "तेंका बोलावू नको. तूच ये गो."